ओतकामासाठी सोल्डरचं भंगार: नागपुरात कुठून आणायचं आणि कसं ओळखायचं

घरी छोटं ओतकाम सुरू करायचं तर सोल्डरइतका (तारा, पत्रे जोडायचा डाख) सोपा धातू नाही. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं यांचं मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळतं. शुद्ध कथलाला २३२ अंश लागतात, शुद्ध शिशाला ३२७. म्हणजे भट्टी नको, भाता नको, एक इलेक्ट्रिक शेगडी पुरते. अडचण भंगारात आहे. ‘रांगा’ (कथील) म्हणून जे विकलं जातं त्यात पाच-सहा वेगवेगळे धातू असतात आणि वरून सगळे सारखेच करडे दिसतात. ते एका कढईत पडले की कुठला तुकडा काय होता हे पुन्हा सांगता येत नाही. म्हणून नवख्या माणसाने एकच शिस्त पहिल्या दिवसापासून पाळावी: प्रत्येक दुकानातून आणलेला माल वेगळ्या डब्यात, डब्यावर चिठ्ठी, आणि ओळख पटेपर्यंत दोन डबे एकत्र करायचे नाहीत.

आधी शिशाबद्दल

सोल्डर वितळवतो त्या तापमानाला, म्हणजे साडेतीनशे अंशांच्या आत, शिशाची वाफ फारशी होत नाही. खरा धोका वर जमणाऱ्या राखेचा आणि भुकटीचा असतो. ती बोटांवरून तोंडात जाते, कपड्यांवरून घरात जाते. लहान मुलांना आणि गरोदर बाईला शिशाचा त्रास सगळ्यात जास्त होतो, त्यामुळे काम चालू असताना ती आसपास नकोत. स्वयंपाकघरात हे काम करायचं नाही. अंगणात किंवा गच्चीवर, वारा पाठीकडून येईल असं बसा. कढई, डाव, पकड, सगळं कायमचं वेगळं ठेवा आणि त्यावर लाल रंगाचा पट्टा मारा, म्हणजे चुकून ओट्यावर जाणार नाही. काम करताना चहा, खर्रा, सिगारेट काही नाही. उठलात की साबणाने हात धुवा, कपडे वेगळे धुवा. जागा कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

डोळ्यांना चष्मा, हातात चामड्याचे मोजे, पायात बंद बूट, अंगात सुती कपडे. टेरिकॉट अंगाला चिकटतं.

कुठे मिळतं

बर्डीवर (सीताबर्डीत) मोबाइल, टीव्ही, इन्व्हर्टर दुरुस्तीची दुकानं दाटीने आहेत. तिथे सोल्डर तारेचे उरलेले तुकडे, अर्धवट रिळं आणि सोल्डर ओढून घेणाऱ्या पंपातला चुरा निघतो. एकेका दुकानात माल थोडा असतो, पण तो बहुतेक ६०/४० किंवा ६३/३७ (पहिला आकडा कथलाचा, दुसरा शिशाचा) असतो आणि रीळ समोर असेल तर वाचता येतं. लेबलवर ‘एसएन ६० पीबी ४०’ म्हणजे ६० टक्के कथील. ‘सॅक ३०५’ म्हणजे ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी, अर्धा टक्का तांबं. यात शिसं नाही. ‘एसएन ९९.३’ म्हणजे कथील आणि ०.७ टक्के तांबं. स्वस्त रिळावरच्या आकड्यावर मात्र आंधळा भरवसा ठेवू नका. कथील शिशाच्या दहा पटींहून महाग आहे, त्यामुळे कथील कमी घालण्याचा मोह बनवणाऱ्याला असतोच. तारेच्या पोटात राळेचा फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावा म्हणून) असतो, वजनाच्या साधारण २ ते ३ टक्के. किलोभर तार वितळवली की तेवढी घट धरा.

इतवारीत लोहा ओळीच्या बाजूला आणि शहरातल्या मोठ्या कबाड्यांकडे कांड्या, पट्ट्या आणि जाड गोळे मिळतात. इथे विचारायची पद्धत ठरवून ठेवा: “भाऊ, हा रांगा रेडिएटरचा की बोर्डाचा?” रेडिएटरवाल्यांच्या सोल्डरमध्ये शिसं जास्त असतं, ३०/७० किंवा त्याच्या आसपास. जुन्या टेलिफोन केबलच्या सांध्यांवरचा सोल्डरही तसाच, शिसं भरपूर. जस्त चढवलेल्या पत्र्याच्या टाक्या जोडणाऱ्यांकडचे उरलेले गोळे घेऊ नका. पत्र्यावरचं जस्त त्यात उतरलेलं असतं, आणि जस्त का नको ते पुढे येईल.

हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीत ट्रान्सफॉर्मर, कॉइल, दिव्यांचे ड्रायव्हर बनवणारे लोक सोल्डरचं भांडं वापरतात. भांडं बदललं की त्यातला जुना धातू पट्ट्या ओतून विकला जातो. हा माल चांगला, फक्त त्यात तांबं मुरलेलं असण्याची शक्यता धरा. भांड्यावरून काढलेली मळी स्वस्तात देऊ केली तरी नवख्याने घेऊ नये. त्यात धातू बराच असतो हे खरं, पण उरलेली असते ती शिशाची बारीक भुकटी, आणि ती हाताळणं घरचं काम नव्हे.

छापखान्याचे खिळे (अक्षरांचे धातूचे ठसे) अजून कुठे कुठे पोत्यांनी पडलेले सापडतात. तो सोल्डर नाही. लायनोटाइपच्या (छपाईची अख्खी ओळ ओतणाऱ्या यंत्राच्या) धातूत साधारण ८५ टक्के शिसं, ११-१२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असतं. हातजुळणीच्या खिळ्यांत अँटिमनी आणखी जास्त. ओतायला तो सुरेख आहे, बारीक नक्षी धारदार उतरते, पण कडक आणि ठिसूळ. त्याचा डबा स्वतंत्र ठेवा.

दोन गोष्टींना हात लावू नका. एक, बॅटरीच्या प्लेटा: त्यात गंधकाम्ल मुरलेलं असतं, शिवाय अँटिमनी, आर्सेनिक, कॅल्शियम असतं, आणि त्यांची मळी ओली झाली की अतिशय विषारी वायू सुटू शकतो. दोन, अख्खे सर्किट बोर्ड. सोल्डर काढायला बोर्ड जाळले तर प्लास्टिकमधल्या ब्रोमीनचा विषारी धूर निघतो, कपॅसिटर फुटतात, आणि कायद्यानेही ते करता येत नाही. एका बोर्डातून निघतो तरी काही ग्रॅम धातू.

पहिली खरेदी अर्धा ते एक किलोची पुरे.

दुकानातच करायच्या चाचण्या

खिशात लोहचुंबक, पांढरा कागद आणि छोटी कानस ठेवा. चुंबकाला चिकटलं तर आत लोखंडी स्क्रू किंवा पत्रा आहे. तुकड्याचा कोपरा कानशीने उघडा करून कागदावर घासा: शिसं जास्त असेल तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते, कथील जास्त असेल तर रेघ जवळजवळ उमटत नाही. पातळ कांडी कानाजवळ धरून वाकवा. शुद्ध किंवा जवळजवळ शुद्ध कथील वाकताना करकर आवाज करतं, शिशाचं मिश्रण गप्प वाकतं. फरशीवर टाकून पाहा: शिसं ‘थप्प’ पडतं, कथलाचा आवाज थोडा खणखणीत. नखाने ओरखडा सहज पडला तर शिसं भरपूर.

ओतलेल्या पट्टीचा पृष्ठभागही बोलतो. ६३/३७ गुळगुळीत, आरशासारखा चमकतो. ५०/५० वर धुरकट, दाणेदार भाग दिसतात. शिसंविरहित सोल्डर फिकट, खडबडीत, कधी बारीक भेगा पडलेला. हे सगळे अंदाज आहेत. यांच्यावर भाव ठरवता येतो, मिश्रण ठरवता येत नाही.

पहिलं वितळवणं

लागणारं सामान: दीड-दोन किलोवॅटची इलेक्ट्रिक शेगडी, बिडाची किंवा जाड स्टीलची छोटी कढई, स्टीलचा डाव, लोखंडी पळी, स्टीलच्या नळीतला के-टाइप प्रोब (तापमान मोजणारी सळई) आणि तो लावता येईल असा मल्टिमीटर. ॲल्युमिनियमचं भांडं नको, सोल्डर त्याला खाऊ शकतो. जस्त चढवलेली बादली किंवा डबाही नको. गट्ट्या (धातूचे छोटे ठोकळे) पाडायला बिडाचं अप्पे पात्र झकास. एका खळग्यात शे-दीडशे ग्रॅमची गट्टी बसते. नॉनस्टिक नको, आणि वापरलेलं पात्र पुन्हा अप्प्यांना नको.

पाणी हा सगळ्यात मोठा शत्रू. वितळलेल्या धातूखाली पाण्याचा थेंब गेला तर त्याची क्षणात वाफ होते आणि धातू उडतो. पावसाळ्यात कबाड्याकडचा माल ओलाच येतो, तारांच्या वेटोळ्यात आणि गोळ्यांच्या भेगांत पाणी राहतं. माल नेहमी थंड कढईत घाला, अर्धा तास मंद आचेवर ठेवा, मग आच वाढवा. वितळलेल्या धातूत नवीन तुकडा टाकायचाच तर तो आधी कढईच्या काठावर तापवून घ्या. अप्पे पात्र आणि डावही तापवून मगच वापरा. उन्हाळ्यात कूलरच्या झोतात हे काम करू नका: दमट हवा थंड लोखंडावर बसते, आणि तोच झोत राखेची भुकटी घरभर नेतो. मे महिन्यात सकाळी सातच्या आत आटपलेलं बरं.

सगळं वितळलं की तापमान २५० ते २८० वर आणा. किलोभर धातूला हरभऱ्याएवढी राळ टाका, तोंड बाजूला ठेवा कारण धूर निघतो आणि कधी पेटही घेतो. कोरड्या लाकडी काडीने तळापासून ढवळा. आधी वर लापशीसारखा जो थर असतो त्यातला धातू सुटून खाली जातो आणि वर कोरडी करडी राख उरते. ती पळीने काढून झाकणाच्या डब्यात ठेवा. लापशी असतानाच काढली तर चांगला धातू फेकला जातो. नवख्यांची सगळ्यात जास्त घट इथेच होते. मग गट्ट्या पाडा आणि थंड झाल्यावर नंबर पंचने लॉटचा आकडा ठोका.

घनता मोजणं

ही चाचणी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी. ०.०१ ग्रॅम दाखवणारा सराफी काटा हवा. भरीव, भोकं नसलेली, शंभर ग्रॅमच्या आसपासची गट्टी निवडा. कोरडं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. गट्टी पातळ दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही अशी धरा. काटा जो आकडा दाखवेल तो गट्टीने सारलेल्या पाण्याचा. कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला की गट्टीला बुडबुडे चिकटत नाहीत.

उदाहरण घ्या. कोरडं वजन ९२.६० ग्रॅम, पाण्यातला आकडा १०.४०. भागाकार ८.९०. आता कथलाचं प्रमाण काढायचं: ११.३४ ला घनतेने भागा, त्यातून १ वजा करा, आलेल्या आकड्याला ०.५५६ ने भागा. इथे ०.४९ येतं, म्हणजे ४९ टक्के कथील, म्हणजेच ५०/५० चा माल. नेहमीचे आकडे लक्षात ठेवले तर गणितही नको: कथील ७.३, सॅक ३०५ सुमारे ७.४, ६३/३७ ८.४, ६०/४० ८.५, ५०/५० ८.९, ४०/६० ९.३, शिसं ११.३४.

आपल्याकडे एक दुरुस्ती करावी लागते. नागपुरात मेमध्ये साधं पाणी ३५ अंशांवर असतं आणि त्याची घनता ०.९९४ भरते. भागाकाराला ०.९९४ ने गुणा. ८.४० चे ८.३५ होतात आणि कथलाचा आकडा दीड टक्क्याने बदलतो. माठातलं गार पाणी वापरलं तर फरक आणखी कमी.

गट्टीत आत पोकळी असेल तर घनता खोटी कमी येते आणि माल कथीलदार वाटतो. एकाच लॉटच्या तीन गट्ट्या मोजा. सगळ्यात मोठा आकडा खऱ्याच्या जवळचा. आणि हे सूत्र फक्त कथील-शिशाला लागू आहे. अँटिमनी शिशापेक्षा बरीच हलकी, ६.७. छापखान्याचा धातू या सूत्रात घातला तर ‘१८ टक्के कथील’ असं उत्तर येतं आणि ते साफ चूक असतं. म्हणून दुसरी चाचणी लागते.

थंड होताना तापमान पाहणं

एकाच लॉटचा ३०० ग्रॅम धातू ३०० अंशांपर्यंत तापवा, शेगडी बंद करा, प्रोब धातूच्या मध्यभागी धरा आणि दर १० सेकंदांनी आकडा लिहा. लॉट बहुतेक शिशाचाच वाटत असेल तर ३६० पासून सुरू करा. तापमान भराभर उतरतं. पहिले स्फटिक बनायला लागले की उतार मंदावतो (हेच ‘वळण’), आणि शेवटचा द्रव गोठताना आकडा एका जागी अडून राहतो.

६३/३७ थेट १८३ पर्यंत येतो आणि तिथेच बराच वेळ थांबतो. ६०/४० ला १९० च्या आसपास जेमतेम कळेल असं वळण, मग १८३. ५०/५० चं वळण २१५ च्या सुमारास, ४०/६० चं २३८ च्या, आणि दोन्ही शेवटी १८३ लाच थांबतात. शिसं जितकं जास्त तितका १८३ चा थांबा लहान, आणि मधला काळ धातू ओल्या वाळूसारखा लगदा असतो. शिसंविरहित मालात १८३ ला काहीच होत नाही: सॅक ३०५ हा २२० ते २१७ मध्ये गोठतो, कथील-तांबं २२७ ला, शुद्ध कथील २३२ ला. लायनोटाइपचा धातू २४० च्या आसपास थांबतो.

कथीलदार माल कधी कधी दहा-वीस अंश जास्तच खाली जातो, द्रवच राहतो, आणि मग गोठताना आकडा झपकन वर उसळतो. प्रोब बिघडला असं समजू नका. उसळून जिथे स्थिरावतो तो खरा आकडा.

दोन्ही चाचण्या जोडीने का, तेही बघा. २०० अंशांवर वळण दिसलं तर माल ५७ टक्के कथलाचाही असू शकतो आणि ७५ टक्क्यांचाही, कारण ६३ टक्क्यांपेक्षा कथील कमी झालं काय की वाढलं काय, वळणाचं तापमान वरच चढतं. घनता तो प्रश्न सोडवते. उलट घनता ८.९ आली पण १८३ चा थांबा नाही, तर त्यात तिसरा धातू आहे. तो डबा बाजूला.

उकळत्या पाण्यातच वितळणारा तुकडा सापडला तर तो बिस्मथचा मिश्रधातू. अशा काही मिश्रधातूंत कॅडमियम असतं आणि त्याचा धूर फार घातक. तो तापवूच नका.

जस्त आणि तांबं

शिशाचं ओतकाम करणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे: ३८० च्या खाली राहा, जस्त ४१९ ला वितळतं, त्यामुळे जस्ताचे तुकडे वर तरंगतील आणि काढता येतील. सोल्डरला हा ठोकताळा लावू नका. कथील आणि जस्त यांचं मिश्रण १९९ अंशांनाच द्रव होतं, त्यामुळे कथीलदार धातूत जस्ताचा तुकडा न वितळताच विरघळून जातो. शिवाय शिसंविरहित मालात जस्ताची घनता ७.१, कथलाची ७.३, तरंगून दिसण्याइतका फरकच नाही. जस्त शिरलं की धातू घट्ट वाहतो, वर सारखी जाड साय धरतो, साच्याचे कोपरे भरत नाही. घरच्या पातळीवर ते काढता येत नाही. म्हणून संशयित तुकडा आधीच तपासा: कानशीने उघड्या केलेल्या जागी संडास साफ करायच्या ॲसिडचा एक थेंब. जस्त लगेच फसफसतं, कथील-शिसं फारसं काही करत नाही. थेंब पाण्याने धुऊन टाका आणि तो तुकडा पूर्ण वाळल्याशिवाय कढईजवळ आणू नका. पितळी तुकडेही वेचून काढा, पितळेत जस्त असतंच.

तांबं मुरलं असेल तर धातू रवाळ वाटतो आणि ओतलेल्या वस्तूवर बारीक सुया दिसतात. यावर उपाय आहे. ६३/३७ किंवा ६०/४० चा लॉट १९० ते १९५ अंशांवर पंधरा-वीस मिनिटं शांत ठेवा. तांबं-कथलाचे स्फटिक वर येतात, ते भोकांच्या स्टील पळीने गाळून घ्या. शिसंविरहित लॉटमध्ये हेच स्फटिक तळाशी बसतात, तिथे वरचा धातू हळूच ओतून तळ सोडून द्यायचा.

साच्यात ओतणं

धातू पूर्ण द्रव होतो त्या तापमानाच्या ५० ते ८० अंश वर ओता: ६३/३७ साठी २४० ते २६०, शिसंविरहितसाठी २८० ते ३००. वस्तूच्या कडा गोल आल्या, नक्षी अर्धवट राहिली, तर साचा थंड होता. पृष्ठभाग धुरकट आणि आकसलेला आला तर धातू जास्त तापला. सुरुवातीला समुद्रफेसाचा साचा घ्या. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, चाकूने कोरता येतो. तुकडे कोरडे ठणठणीत हवेत. प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा वाळलेला दिसला तरी आत पाणी धरून असतो. १२० ते १५० अंशांवर काही तास भाजल्याशिवाय त्यात धातू ओतू नका.

काय ओतायचं यालाही मर्यादा आहे. भंगारातल्या धातूपासून देवाचे टाक करू नका: पंचामृताच्या आंबटपणात शिसं उतरतं आणि ते तीर्थ म्हणून पोटात जातं. दागिने, पेले, चमचे नाहीत. तान्ह्या पोळ्यासाठी पोरांच्या हातात द्यायचा छोटा नंदी ओतायचा असेल तर नवीन, लेबल असलेलं शुद्ध कथील विकत घ्या, आणि ते वेगळ्या, कधीही शिसं न लागलेल्या कढईत वितळवा. कागदाची रेघ, घनता, थंड होण्याची चाचणी या तिन्हींत टक्का-अर्धा टक्का शिसं लपून जातं, त्यामुळे ‘चाचणीत शिसंविरहित निघालं’ हे मुलांसाठी पुरेसं नाही. आणि उरलेल्या गट्ट्या कल्हईवाल्याला कधीही देऊ नका, फुकटसुद्धा. तो धातू लोकांच्या पातेल्यांना आतून लागेल.

जमलेली राख घट्ट झाकणाच्या डब्यात, वर ‘शिसं’ असं लिहून ठेवा. ती कचऱ्यात किंवा नालीत जाऊ देऊ नका. डबा भरला की महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या पुनर्वापर केंद्राकडेच द्या.